तेविसावी खाच

शनिवार, बारा नोव्हेंबर. हजर: बाबा, आई, मी, दामले काका, दामले काकू, वानखेडे काका, सुलभा मावशी (वानखेडे, दोघं पहिल्यांदाच). एकूण सात. स्वयंपाक: मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड. खेळ सुरू: साडेपाच. स्लाइड: एकोणपन्नास. शेरा: क्रम सुधारला.

ही नोंद माझीच आहे, हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीतली, तेराव्या वर्षीच्या अक्षरातली. घरी जेवायला कोण आलं, काय केलं होतं, किती ताटं लागली हे मी लिहून ठेवायचे, म्हणजे दामल्यांना लागोपाठ दोनदा श्रीखंड वाढलं जाऊ नये. आज पंचावन्नाव्या वर्षीही मी हेच करते, फक्त वहीऐवजी फोनमध्ये. या नोंदीतलं बाकीचं सगळं बरोबर आहे. शेवटचे दोन शब्द मात्र चुकले आहेत, आणि ते कसे चुकले तेवढंच मला इथं सांगायचं आहे.

नेपरव्हिलमधलं आमचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर होतं. सकाळी शिकागोला जाणारी गाडी गेली की स्वयंपाकघरातल्या कपाटात कपबशा किणकिणायच्या. मी तीन वर्षांची असताना आम्ही इंग्लंडहून इथं आलो. त्याआधी आई-बाबा सहा वर्षं एल्डरबी नावाच्या बाजाराच्या गावी होते. बाबा तिथल्या लहानशा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. माझा जन्म तिथलाच, पण मला त्या गावातलं काहीच आठवत नाही. आणि तरीही ते गाव मला नेपरव्हिलपेक्षा चांगलं पाठ होतं, कारण हिवाळ्यात दर दोन-तीन शनिवारी बाबा ते पाहुण्यांना दाखवायचे. बर्फ पडायला लागलं की मराठी माणसं एकमेकांच्या घरी जास्त जातात, हे माझं जुनं निरीक्षण आहे. पाहुणे साडेचारला येत, कोट पलंगावर टाकत, आईने नाश्त्याच्या सीरियलचा केलेला चिवडा खात, आणि साडेपाचला सगळे खाली फॅमिली रूममध्ये उतरत. तिथं भिंतीवर पांढरी चादर टाचण्यांनी ताणून लावलेली असे. ती लावणं माझं काम होतं. चादरीची घडीची रेघ बरोबर मध्ये यायची, त्यामुळे एल्डरबीच्या चर्चचा मनोरा नेहमी जरासा मोडल्यासारखा दिसायचा.

प्रोजेक्टर विलायतेतून आणलेला होता. त्याला तिकडचा जास्त दाबाचा करंट लागायचा, म्हणून बाबांनी दोन विटांएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला होता. तो सुरू केला की पायाखालच्या गालिच्यातून घूं असा आवाज यायचा आणि गरम धुळीचा वास सुटायचा. स्लाइड ठेवायला लांबट ट्रे असायचा, पन्नास खाचांचा. बाबांनी बटण दाबलं की ट्रे एक घर पुढं सरकायचा, खट्, आणि आतला दांडा स्लाइड ओढून घ्यायचा, खटाक्. खट्, खटाक्. अजूनही मला झोप लागत नसली की मी हा आवाज मनात मोजते. ट्रेची यादी माझ्याकडे होती: खाचेचा नंबर, इमारतीचं नाव, बाबा काय सांगतात त्यातले दोन-तीन शब्द. बाबांनी कधी ती मागितली नव्हती. मला हवी होती म्हणून मी केली होती.

बाबा पुण्याचे. बोलायला उभे राहिले की त्यांचा आवाज बदलायचा. "मंडळी, गावात शिरायचं ते चर्चच्या बाजूने," असं म्हणून ते सुरुवात करत. चर्च लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं. आसपासच्या टेकड्यांवर मेंढ्या, मेंढ्यांची लोकर बोटीने परदेशी, आणि त्यातून आलेल्या श्रीमंतीचा हा मनोरा. मग एका व्यापाऱ्याने म्हाताऱ्या विधवांसाठी बांधलेली दहा बुटकी घरं, एकाला एक चिकटलेली, प्रत्येकाच्या दाराशी एक बाक. मग घोडागाड्यांचा उतारा, म्हणजे त्यांची मुक्कामाची सराई; त्याची कमान इतकी बुटकी की टपावरच्या उतारूंना माना खाली घालाव्या लागत. गावाच्या वेशीवर दगडाची एक कुंडी होती. तिच्यावर बाबांचं फार प्रेम. प्लेगच्या साथीत गावाबाहेरचे शेतकरी धान्य तिथं ठेवत, आणि गावातले लोक मोबदल्याची नाणी त्या कुंडीत भरलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवत. "जंतू म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, पण अक्कल होती," असं बाबा म्हणत आणि डॉक्टर पाहुणे असले तर ते मान डोलवत. पुढं धान्याच्या सौद्यांची खांबांची इमारत, तिच्या माथ्यावर एकच काटा असलेलं घड्याळ. "पूर्वी मिनिटांची घाई कुणाला होती? तास कळला की झालं. म्हणून एकच काटा."

आणि मग सनद. हा बाबांचा सगळ्यात आवडता भाग. कुठल्याशा राजाने काही शतकांपूर्वी गावाला दर गुरुवारी बाजार भरवायचा हक्क लिहून दिला होता. "सनद, मंडळी. आपल्याकडं पेठ वसवायला पेशवे द्यायचे तशी. शेजारच्या गावाला ती नव्हती, म्हणून ते खेडंच राहिलं, आणि हे गाव झालं." बाविसावी स्लाइड त्या चौकाची: मध्यभागी आठ दगडी खांब आणि वर कौलांचं छप्पर. खेड्यांतून येणाऱ्या बायका लोणी आणि अंडी घेऊन त्या छपराखाली बसत, म्हणून त्याचं नाव बटर क्रॉस. बाबांनी तो फोटो रविवारी काढलेला. चौक रिकामा, फरशा ओल्या, एक कबूतर.

यानंतर तेविसावी खाच. ती रिकामी होती. खट्, खटाक्, आणि चादरीवर नुसता पांढरा उजेड पडायचा. डोळे दिपायचे. बाबा बोलायचे थांबत, दोन-तीन श्वास जात, मग खट्, खटाक्, चोविसावी: नदीवरचा दगडी पूल. बाबांचं बोलणं परत सुरू. त्या पांढऱ्या उजेडातच आई नेहमी उठून चहा टाकायला वर जायची. मला वाटायचं, तीच चहाची खूण आहे. दामले काका कोथरूडचे, इंजिनिअर आणि थट्टेखोर. उजेड पडला की ते म्हणत, "आला. डॉक्टरांचा पडका दात आला." लोक हसत. बाबाही हसत, तोंड मिटून.

मला ते हसणं लागायचं. यादीत बावीस, मग एक आडवी रेघ, मग चोवीस, हे दिसायला वाईट होतं. आणि पाहुण्यांसमोर आपला प्रोजेक्टर बिघडल्यासारखा वाटतो, हे त्याहून वाईट. त्या शनिवारी नवीन पाहुणे येणार होते. वानखेडे नागपूरचे, नुकतेच शिकागोजवळच्या एका हॉस्पिटलात रुजू झालेले. दुपारी आई वर पुऱ्यांचं पीठ मळत होती, बाबा कोथिंबीर आणायला शिकागोत डेव्हन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत गेले होते. तेव्हा मराठी घरात कोथिंबीर हवी तर तासभर ड्राइव्ह करावा लागे. मी ट्रे मांडीवर घेतला आणि चोविसावी स्लाइड तेविसात, पंचविसावी चोविसात, अशा सगळ्या एक-एक घर अलीकडे सरकवल्या. शेवटची खाच रिकामी ठेवली, म्हणजे खेळ संपल्यावरच उजेड पडेल. नवीन यादी लिहिली, आणि वहीतली त्या दिवसाची नोंदही शेऱ्यासकट तेव्हाच करून टाकली. वीस मिनिटांचं काम. बाबांना सांगितलं नाही, कारण त्यांना सरप्राइज द्यायचं होतं. मी आजही कपाटं, कागदपत्रं, दुसऱ्यांची स्वयंपाकघरं आवरून देते, पण आधी विचारते. ते विचारणं त्या दिवसापासूनचं.

पाहुणे आले. सुलभा मावशी बारीक, सावळी, बोलायला मोकळी. तिने कोट काढायच्या आधीच आईला विचारलं, "काय करून राहिल्या ताई? द्या मले लाटणं." दोघींनी मिळून पुऱ्या लाटून टॉवेलखाली ठेवल्या. दामले काकू खुर्चीत बसून सूचना करत होत्या. त्या आमच्यापेक्षा दहा वर्षं आधी अमेरिकेत आलेल्या. कुणाच्या घरात पडदे कसे हवेत, कुणाला कधी बोलवावं, हे गावातल्या मराठी बायका त्यांना विचारत. आईसुद्धा विचारायची. साडेपाचला आम्ही खाली गेलो. बाहेर अंधार पडला होता, पहिलं बर्फ भुरभुरत होतं. मी दिवा मालवला आणि यादी घेऊन बाबांच्या खुर्चीमागे जिन्याच्या पायरीवर बसले.

चर्च, विधवांची घरं, कमान, कुंडी. वानखेडे काकांनी कुंडीबद्दल दोन प्रश्न विचारले, बाबा खूश. एक काट्याचं घड्याळ. सनद. पेशवे. "आणि हा बटर क्रॉस." कबूतर. आई सोफ्याच्या कडेला बसली होती. तिने पदर सावरला, गुडघ्यावर हात टेकले आणि सवयीने उठली. खट्, खटाक्.

पूल आला.

आई जिन्याकडे निघाली होती, ती उजेडाच्या मधोमध थांबली. पुलाच्या दोन कमानी तिच्या साडीवर पडल्या आणि तिची सावली नदीवर. बाबांचा हात बटणावर तसाच राहिला. त्यांनी ट्रे एक घर मागे घेतला: बटर क्रॉस. एक घर पुढे: पूल.

"अरे, दात बसवला वाटतं डॉक्टरांनी," दामले काका म्हणाले.

कुणी हसलं नाही, कारण आई अजून उजेडातच उभी होती.

"कुणी भरली ती जागा?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच.

"मी," मी म्हणाले. "सगळं पुढचं एक-एक घर अलीकडे घेतलं. आता मधे रिकामं दिसणार नाही. यादीपण नवीन केली."

आईने माझ्याकडे पाहिलं. सुलभा मावशीने न कळलेलं सरळ विचारून टाकलं. "काय होतं तिथं?"

"काही नाही हो," बाबा म्हणाले. "एक स्लाइड होती. ओल लागून खराब झाली."

"खराब नाही झाली," आई म्हणाली. "माझ्याकडं आहे."

ती वर गेली. आम्ही सगळे पुलाकडे बघत बसलो. ट्रान्सफॉर्मर घूं करत होता. वरच्या मजल्यावर शिलाई मशीनचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. तो अडकायचा, उघडायला दोन हिसके लागायचे. आई खाली आली आणि तिने बाबांच्या तळहातावर एक स्लाइड ठेवली. "घाला," एवढंच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

बाबांनी पूल काढला आणि तिथं ती घातली. घाईत उलटी घातली. चादरीवर छप्पर खाली, फरशा वर, आणि मधे खाली डोकं वर पाय अशी एक बाई. बाबांनी ती काढून फिरवली, परत घातली.  रोज माणसांच्या नसांत सुई घालणाऱ्या बोटांना ती बसवायला दोन खेपा लागल्या.

तोच चौक, तेच खांब, पण गुरुवारचा. माणसंच माणसं. खांब आणि खांब यांच्यामध्ये फळ्यांचं टेबल, त्यावर कपड्यांच्या घड्या, वर आडव्या दोरीला लटकवलेले एप्रन, रंगीत, फुलाफुलांचे. टेबलामागे आई. साडीवर पुरुषी ओव्हरकोट, डोक्याला रुमाल, हातात बोटं कापलेले लोकरी मोजे. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. एका जाड्या म्हातारीच्या कमरेला एप्रनची नाडी बांधून दाखवत होती आणि तोंड उघडं होतं, काहीतरी बोलत होती. आईला इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. फोटोतही तो मोठा आवाज दिसत होता.

  बाकीच्या एकोणपन्नास स्लाइडना बाबांकडे वाक्यं होती, हिला नव्हतं.

"सांगा की," आई म्हणाली. "बाकीचं सगळं सांगता."

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, तरी बाबा आता काय म्हणतात यावर काहीतरी मोठं अवलंबून आहे हे पायरीवर बसूनही कळत होतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"ही आमची मिसेस," ते म्हणाले. "दर गुरुवारी इथं बसायची. बाजारात. स्वतः शिवलेले एप्रन विकायची. चार वर्षं."

"साडेचार," आई म्हणाली.

"साडेचार. सकाळी फळ्या मी उचलून द्यायचो. साडेसहाला. मग आठला हॉस्पिटल."

"मग तुम्ही तं पार्टनरच झाले," सुलभा मावशी म्हणाली. आणि लगेच आईकडे वळून, "कापड कुठून आणत होत्या? अन् मशीन कोणती, हाताची की पायाची?"

या प्रश्नाबद्दल मी सुलभा मावशीची आजन्म ऋणी आहे. कौतुक केलं असतं तर आई लाजून गप्प झाली असती. पण मशीन कोणती, असं विचारल्यावर तिला उत्तर देणं भाग होतं. हाताची, ती म्हणाली, घरमालकिणीची, जुनी. कापड गिरणीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं. एप्रनला तिने माहेरच्या सांगलीच्या पद्धतीचा खोल खिसा लावला होता, कोपरापर्यंत हात आत जाईल एवढा, आणि बाजारातले बाकीचे दुकानदारच पहिले गिऱ्हाईक झाले, कारण त्यांना सुटे ठेवायला तसा खिसा हवा होता. मग तिने जागा कशी मिळाली ते सांगितलं. कायमच्या दुकानदारांना ठरलेल्या जागा. बाकीच्यांनी सकाळी सातपासून आपापला माल घेऊन चौकाच्या कोपऱ्यात उभं राहायचं. आठचे ठोके पडले की बाजाराचा सुपरिंटेंडेंट, हॅट घातलेला, एक फेरी मारणार. ज्याचा दुकानदार आला नाही ती जागा त्या दिवसापुरती कोपऱ्यातल्या माणसाला, जो सगळ्यात जास्त गुरुवार उभा राहिलाय त्याला आधी. पहिल्या हिवाळ्यात ती कितीतरी गुरुवार तशीच घरी परतली. मग मासळीच्या गाडीशेजारी. मग चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या पलीकडे. शेवटी छपराखाली अंडी विकणारी बाई गुडघ्यांनी थकली, आणि पाचव्या खांबापाशी कायमची जागा आईला मिळाली. "छपराखालची," ती म्हणाली. "पावसात भिजायचं नाही. आठच जागा होत्या."

"आणि मग?" वानखेडे काकांनी विचारलं.

"मग पाच महिन्यांनी ह्यांना इथलं बोलावणं आलं."

 दामले काकू सावकाश म्हणाल्या, "पण वहिनी, मला तर आठवतंय, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की तुम्ही आपल्या फोटोपुरत्या उभ्या राहिला होतात."

"मलाही ते तेव्हाच कळलं," आई म्हणाली.

दामले काका खो-खो हसले आणि मग बायकोकडे बघून थांबले. बाबांनी मान खाली घातली. पूल नंतर कुणी पाहिलाच नाही. चहा राहिला तो राहिलाच. सगळे थेट जेवायला वर आले, पुऱ्या तळेपर्यंत सुलभा मावशी आणि आई खिशाची तुरपाई कशी दुहेरी घालायची यावर बोलत होत्या, आणि दामले काकूंनी स्वतः ताटं घेतली. त्या संध्याकाळी त्यांनी एकही सूचना केली नाही. श्रीखंड सावर क्रीमचं होतं आणि जरा आंबट झालं होतं, असा शेरा मी नंतर समासात पेन्सिलीने लिहिलेला दिसतो.

मधला दुवा मला दुसऱ्या दिवशी मिळाला. आई सिंकपाशी भांडी विसळत होती, मी पुसत होते. मी विचारलं आणि तिने सांगून टाकलं. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात, आमच्याकडे पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा ही स्लाइड तेविसाव्या खाचेत होती. ती बघून दामले काकू म्हणाल्या होत्या, "अगं बाई, डॉक्टरांची बायको आणि बाजारात बसायची?" त्यात फार वाईट हेतू नव्हता; आश्चर्य होतं. पण बाबा पटकन म्हणाले, छे छे, फोटोपुरती. दुसऱ्या दिवशी आईने ती स्लाइड स्वतः काढून घेतली. बाबांना म्हणाली, फोटोपुरती असेल तर दाखवता कशाला. आणि एक गोष्ट निक्षून सांगितली: त्या जागी दुसरं काही घालायचं नाही. बाबांनी दहा वर्षं ते पाळलं. दर खेळाला, पाहुण्यांसमोर, तो पांढरा उजेड अंगावर घेतला. दामल्यांची थट्टा ऐकून घेतली आणि ना स्लाइड परत मागितली, ना जागा बुजवली. मी एका दुपारी वीस मिनिटांत ती बुजवली.

"मग मला रागावली का नाहीस?" मी विचारलं.

"तू काय चुकलीस? तुला रिकामं दिसलं, तू भरलंस," ती म्हणाली. "दुसरा कप घे, तो अजून ओला आहे."

बाबांबद्दल मला नंतर पुष्कळ वर्षं राग होता, विशेषतः कॉलेजात, जेव्हा असा राग करणं सोपं असतं. आता तितका नाही. नवीन देशात, नवीन नोकरीत, दहा खुर्च्यांपैकी सहा उसन्या आणून बोलावलेली ती पहिली माणसं. त्यांच्यासमोर एक वाक्य तोंडातून निसटलं. ते परत घ्यायला बाबांना जमलं नाही. जो माणूस साडेसहाला फळ्या उचलून द्यायचा आणि जो फोटोपुरती म्हणाला, ते दोघं एकच होते, एवढं मला कळतं. त्यापुढचं कळत नाही आणि त्यांना विचारायचं राहून गेलं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

त्या नोव्हेंबरनंतर खेळ बदलला. मी स्लाइड परत एक-एक घर पुढं सरकवल्या, तेविसाव्या खाचेत आई बसली, ट्रेच्या पन्नासच्या पन्नास खाचा भरल्या. आणि आई आता चहा आधीच करून ठेवायची आणि शेवटपर्यंत बसायची, आणि बोलायची. बाबांना ते जड गेलं. एक काट्याच्या घड्याळापाशी ते मिनिटांची घाई सुरू करणार, तेवढ्यात आई म्हणायची, "मोठा काटा वादळात पडला. छपरावर चढून बघायला म्युनिसिपालटीकडं शिडी नव्हती. घड्याळवाल्याची बायको सांगायची." बाबा म्हणायचे, "पुस्तकात तसं नाही." आई म्हणायची, "पुस्तकवाला गुरुवारी आला नसंल." विधवांच्या घरांपाशी ती सांगायची की तिसऱ्या दारातली म्हातारी नुसत्या वासाने ओळखायची की आज डॉक्टरांकडे फोडणीला हिंग पडलाय. घोडागाड्यांच्या उताऱ्याच्या कमानीखाली गुरुवारी बटाट्याचं सूप मिळायचं, कपात. सनद मात्र तिने कधी खोडली नाही. उलट बाबा पेशव्यांपर्यंत आले की ती मान हलवायची. हक्क लिहून दिलेला असावा, हे तिला पटायचं. दामले काकू पुढच्या शनिवारांना आल्या, येतच राहिल्या. तेविसावी स्लाइड आली की त्या खुर्ची जरा पुढं घ्यायच्या. आईने त्यांना कधी काही ऐकवलं नाही.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्याकडे राहते. माझी मुलगी ईशा गेल्या महिन्यात सुट्टीला आली होती. तिने पन्नासही स्लाइड स्कॅन केल्या आणि माझ्याकडून कॅप्शन मागितल्या. माझी जुनी यादी तयारच होती, मी ती टाइप करून दिली. ईशा आजीला लॅपटॉपवर दाखवत बसली. पहिलं चर्च आलं तशी आई म्हणाली, "हे पहिलं नाही."

"बट आजोबांच्या लिस्टमधे चर्च फर्स्ट आहे," ईशा म्हणाली.

"ते रविवारी हिंडायचे, कॅमेरा घेऊन. मी गुरुवारी जायची, ढकलगाडी घेऊन. माझं गाव दुसऱ्या टोकाकडनं सुरू होतं."

"देन टेल मी युवर ऑर्डर, आजी. आय विल री-नंबर."

तर आता दुसरी यादी चालू आहे, आईच्या वाटेने. ती रोज जेवणानंतर अर्धा तास सांगते, मी लिहिते. हे काम मी तीन दिवसांत संपेल असं धरलं होतं. पण तिच्या वाटेवरच्या अर्ध्या खुणांची स्लाइडच नाही: घरमालकिणीचा कोळसा आत टाकायचा दरवाजा, बेकरीची मागची खिडकी जिथं बाबा फळ्या टेकवून हात शेकायचे, चामड्याच्या कारखान्याशेजारचा चढ. त्यांना नंबर द्यायचा की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. आणि ती मधेच थांबते, मागे जाते, म्हणते, तिथं अजून एक पायरी होती, ती घाल. काल आम्ही चढाच्या मध्यापर्यंत पोचलो. तिथं गाडीचं डावं चाक दगडांच्या फटीत अडकायचं, आणि ते कसं सोडवायचं हे तिने मला टेबलावर मिठाची बाटली तिरकी करून दाखवलं. मग म्हणाली, आज एवढंच, उरलेलं उद्या. अकरा नोंदी झाल्यात. चढाच्या वरून चौकापर्यंतची वाट लिहायची राहिली आहे.